रंग उडाला म्हणजे डाय मोडला असं नव्हे: चांदीच्या नॅनोकणांच्या प्रयोगात या चुका टाळा

पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवायचे आणि त्यांच्या मदतीने मिथिलीन ब्लू या डायचा (रंगद्रव्याचा) निळा रंग घालवायचा, हा एमएस्सीच्या मुलांचा आवडता प्रोजेक्ट. गोव्यात तर काजूची पानं दारातच मिळतात. पण प्रयोग फसतो तो बहुतेक ठरावीक जागीच.

पहिली जागा पाण्याची. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, किनाऱ्याजवळच्या विहिरीत त्याहून जास्त. त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की दुधाळ गढूळपणा येतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा साका; उजेडात तो जांभळट-करडा पडतो आणि कण तयार झाले असं वाटतं. अर्क काढण्यापासून भांडी शेवटची विसळण्यापर्यंत डिस्टिल्ड पाणीच वापरा.

अर्काचा स्वतःचा रंगही फसवतो. काजूच्या पानांचा अर्क मुळात तपकिरी, भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीचा लालभडक. द्रावण तपकिरी झालं एवढ्यावर विसंबू नका. तेवढाच पातळ केलेला, चांदी न घातलेला अर्क ब्लँक म्हणजे तुलनेसाठी ठेवा आणि स्पेक्ट्रम घ्या, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजा. चांदीच्या गोल कणांचा शोषणाचा पट्टा साधारण 400 ते 450 नॅनोमीटरमध्ये दिसतो; तो रुंद होऊन पुढे सरकला असेल तर कण मोठे झालेत किंवा एकमेकांना चिकटलेत. भिरंडाचा अर्क आंबट असल्याने क्षपण (रिडक्शन, म्हणजे चांदीच्या आयनांपासून धातूरूप चांदी बनणं) रेंगाळतं. त्याचा पीएच वाढवायचा तो चांदी घालण्याआधी, थेंबाथेंबाने. अल्कली जास्त झाली तर सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका बसतो, म्हणजे पुन्हा फसगत. आणि अर्क रोज ताजा काढा. आपल्या दमट हवेत त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. डायमध्ये सोडियम बोरोहायड्राइड (क्षपण करणारं रसायन) आणि चांदीचे कण घातले की मिथिलीन ब्लूचा 664 नॅनोमीटरचा पट्टा नाहीसा होतो, द्रावण पाण्यासारखं स्वच्छ होतं, आणि रिपोर्टात '95 टक्के विघटन' लिहिलं जातं. हे चूक आहे. मिथिलीन ब्लूचं इथे फक्त क्षपण होऊन रंगहीन ल्युको रूप तयार होतं. बोरोहायड्राइड संपल्यावर तीच बाटली उघडून हलवा. हवेतला ऑक्सिजन लागतो आणि वरच्या थरापासून निळा रंग परत येतो. जो रेणू परत येतो तो मोडला कसा म्हणायचा? इथे 'क्षपण' किंवा 'रंग घालवणे' एवढंच लिहा. मिथिल ऑरेंज या दुसऱ्या डायमध्ये अॅझो बंध (दोन नायट्रोजन अणूंमधला बंध) खरोखर तुटतो, पण मागे अॅरोमॅटिक अमाइन ही विषारी असू शकणारी संयुगं राहतात. त्यामुळे पाणी निर्धोक झालं असा दावा करायचा तर सीओडी (सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) किंवा टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजायलाच हवं.

काही जण बोरोहायड्राइडऐवजी कण आणि ऊन वापरून रंग घालवतात; त्या प्रयोगात आधी अर्धा तास अंधारात ढवळा. बराचसा डाय नुसता कणांच्या पृष्ठभागावर चिकटतो, आणि ती घट उजेडाच्या खात्यात जाते. मिथिलीन ब्लू उन्हात आपणहूनही फिकट होतो. म्हणून कण न घातलेली डायची बाटली त्याच वेळी, त्याच उन्हात शेजारी ठेवा. ढग आला तर दोघींवर सारखाच येऊ दे. बोरोहायड्राइडचं तसंच: कणांशिवाय डाय आणि बोरोहायड्राइड, शिवाय डाय आणि नुसता अर्क, हे दोन्ही कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) हवेतच.

मोजमापातल्या किरकोळ वाटणाऱ्या चुका आलेख बिघडवतात. मिथिलीन ब्लू लिटरला 10 मिलिग्रॅम घेतला तरी अॅबसॉर्बन्स (प्रकाश किती शोषला जातो त्याचं माप) 2 च्या आसपास जातो, तिथे आकडे भरवशाचे नसतात. निम्म्यापासून सुरुवात करा. क्युव्हेटच्या (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक नळीच्या) भिंतीला बोरोहायड्राइडमधून सुटणाऱ्या हायड्रोजनचे बुडबुडे चिकटले की वाचन उड्या मारतं, टिचकी मारून ते सोडवा. पावसाळ्यात बोरोहायड्राइडच्या डबीचं झाकण क्षणभरही उघडं नको, ते ओल धरतं. त्याचं द्रावण बर्फाच्या पाण्यात, वापरायच्या वेळीच करा.

उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. चांदी पाण्यातल्या जिवांना विषारी आहे, मग ती पानांच्या अर्काने बनवलेली का असेना. न वापरलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ घालून साका बसवा, गाळा आणि नाव लिहिलेल्या बाटलीत जमवा. कणांचं द्रावण वेगळ्या बाटलीत ठेवा, कारण धातूरूप चांदी मिठाने अशी खाली बसत नाही.