टाकाऊ मालाच्या धंद्यात येताय? आधी ओलावा मोजायला शिका

चक्रीय अर्थव्यवस्थेची, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात आणायची, गोल बाणांची ती आकृती तुम्हाला पाठ असेल असं धरतो, त्यामुळे ती पुन्हा समजावत नाही. कोकणात या कामाला येणाऱ्याला कच्चा माल शोधत फिरावं लागत नाही. मार्चपासून काजू कारखान्यांत टरफलांचे ढीग, एप्रिल ते जून कॅनिंगवाल्यांच्या दारात कोयी आणि साली, नारळाची सोडणं बारा महिने, आणि मिरकरवाडा-हर्णैसारख्या बंदरांच्या आसपास कोळंबीची सालं. माल डोळ्यांसमोर पडलेला असतो आणि फुकट वाटतो. मग पहिल्याच आठवड्यात 'इतके टन गुणिले इतके रुपये' असा एक्सेलचा तक्ता तयार होतो. त्या तक्त्यातला टनांचा आकडा बहुतेक वेळा पाण्याचा असतो.

इथेच लोक बुडतात, म्हणून इथे जास्त वेळ थांबतो.

सोडणातून काथ्या काढला की मागे भुसा उरतो, ज्याचं कोकोपीट, म्हणजे रोपांसाठी मातीऐवजी वापरायचं भरण, होतं. हिरव्या किंवा भिजवलेल्या सोडणाच्या ताज्या भुशात ८० टक्के, कधी ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे काट्यावर १००० किलो दिसलं तरी माल २०० किलो. आता सांगा: हाच भुसा वाळवून ओलावा ८० वरून ६० टक्क्यांवर आणला, तर वजन किती उरेल? दहातले नऊ जण म्हणतात, ८०० किलो. उरतं ५००. सुका माल २०० किलोच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या ४० टक्के आहे. २०० भागिले ०.४० म्हणजे ५००. आणखी वाळवून २० टक्क्यांवर आणा, २५० किलो राहतात. ओलाव्याची टक्केवारी सरळ वजा करायची नसते. सुका माल धरून ठेवायचा आणि त्यावरून एकूण वजन काढायचं. हे एवढं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पैशात बघा. समजा भाड्यासकट माल किलोला २ रुपयांनी पडला आणि तुम्ही १० टन उचलला. २०,००० रुपये गेले. ओलावा ८० टक्के असेल तर सुका माल २००० किलो, म्हणजे किलोला १० रुपये. ओलावा ७० टक्के असता तर सुका माल ३००० किलो मिळाला असता, म्हणजे किलोला ६ रुपये ६७ पैसे. काटा पावती दोन्हीकडे सारखीच, दर सारखाच, पण खर्चात एक तृतीयांशाचा फरक. आंबा घाट किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही बहुतांश पाणीच वाहून नेताय, आणि त्याचं डिझेल तुमच्या कार्बन हिशेबातही चढतंय.

अजून एक खाच आहे. काही प्रयोगशाळा ओलावा ओल्या वजनावर काढतात, काही सुक्या वजनावर. ओल्या वजनावरचे ८० टक्के म्हणजे सुक्या वजनावरचे ४०० टक्के. अहवालात १५० टक्के दिसलं म्हणून हसू नका, ते ओल्या वजनावरचे ६० आहेत. पद्धत कोणती ते विचारल्याशिवाय आकडा तक्त्यात टाकू नका.

मोजायचं कसं? ढिगाच्या वरून, मधून, तळातून माल घ्या, मिसळा, गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा, असं करत अर्ध्या किलोवर या. लगेच हवाबंद पिशवीत भरा. उघडी पिशवी कडक उन्हात दुपारभर राहिली तर मोजमाप वाया गेलं. भट्टीत १०५ अंशांवर, दोन लागोपाठची वजनं सारखी येईपर्यंत ठेवा, साधारण २४ तास. बोंडूचा (काजूच्या फळाचा) चोथा किंवा आंब्याची साल असेल तर १०५ चालत नाही, साखर करपते आणि ओलावा जास्त दिसतो. तिथे ७० अंश आणि शक्य असेल तर निर्वात भट्टी. लाकडासाठी बनवलेलं टोकदार सुयांचं मीटर भुशात खुपसून आकडा सांगणारे भेटतील. खारट भुशात ते काहीही दाखवतं. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

घाबरू नका मात्र. एक भट्टी, एक बरा काटा आणि थोडा संयम, एवढ्यावर हे जमतं. हुशारी लागत नाही.

खाऱ्याचं निघालंच आहे तर: खाडीच्या पाण्यात भिजवलेल्या सोडणाच्या भुशात मीठ राहतं. रोपवाटिकेचा ग्राहक विद्युतवाहकता (तिच्यावरून मिठाचा अंदाज येतो) विचारतो, आणि ती कमी करायला गोड्या पाण्याने धुवावं लागतं. धुतलं की पुन्हा ओलावा, पुन्हा वाळवण. धुण्याचा खर्च वाळवणाच्या खर्चासकट धरा.

काजूच्या टरफलांत पाण्याचा त्रास कमी, तेलाचा जास्त. १००० किलो बीतून साधारण पाव भाग गर निघतो आणि दोन तृतीयांशाच्या आसपास टरफल. टरफलात २० ते २५ टक्के तेल असतं, एक्सपेलरने (तेल पिळायच्या यंत्राने) ते सगळं निघत नाही. या तेलाला रंग, रेझिन आणि ब्रेक लायनिंगवाल्यांकडे गिऱ्हाईक आहे. उरलेली पेंड बॉयलरला जाते. तेल न काढता कच्चं टरफल जाळलं तर धूर डोळ्यांना झोंबतो आणि चिमणीत डांबरासारखा थर बसतो. शेजाऱ्यांची तक्रार आली की प्रदूषण मंडळाच्या संमतीचा कागद शोधायची वेळ येते, तो आधीच घ्या. तेल कातडी भाजतं, हातमोज्यांवर कंजुषी करू नका.

बोंडूबद्दल लोक फार स्वप्नं रंगवतात. वजनाने तो बीच्या सहा-आठ पट भरतो, खरं आहे. पण आपल्याकडे बी गळून पडल्यावर वेचतात. पडलेला बोंडू फुटतो, मातीत लोळतो आणि दिवसभरात आंबू लागतो. रसासाठी झाडाखाली जाळं बांधावं लागतं किंवा हाताने तोडावं लागतं, त्याच दिवशी रस काढावा लागतो, तुरटपणा घालवायला साबुदाण्याची किंवा तांदळाची पेज वापरावी लागते. वेचणाऱ्या बाईची मजुरी न धरता केलेला बोंडूचा प्रकल्प अहवाल वाचूच नका.

कोळंबीच्या सालापासून कायटिन, म्हणजे सालातला टणक तंतुमय पदार्थ, काढायचा? नवख्यांनी हात लावू नये. काही तासांत वास सुटतो, बर्फ लागतो, आणि पुढे आम्ल-अल्कलीने धुतलेलं सांडपाणी कुठे सोडणार हा प्रश्न तुम्हाला गिळतो.

अहवालांच्या बाजूने येणाऱ्यांसाठी थोडं. बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीचा (शेअर बाजार नियामकाचा) बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, २०२२-२३ पासून सक्तीचा आहे, त्यामुळे पुरवठादारांकडे आकडे मागणारी पत्रं येऊ लागली आहेत. इथे फसायची जागा म्हणजे भाराची वाटणी, म्हणजे पर्यावरणावरचा बोजा कोणत्या मालाच्या नावावर किती टाकायचा ते. टरफल फेकून देत होते तोवर ते कचरा, त्याच्यावर बागेतल्या खताचा भार नाही. विकायला लागलात की तो सहउत्पादन ठरू शकतो. वजनाने वाटणी केली तर दोन तृतीयांश भार टरफलावर जातो आणि काजूगर एकदम स्वच्छ दिसतो. किमतीने केली तर उलट. आयएसओ १४०४४ हे जीवनचक्र मूल्यांकनाचं मानक सांगतं की शक्य असेल तिथे वाटणी टाळा, नाहीतर कोणती पद्धत वापरली ते लिहा. सोयीची पद्धत निवडून गप्प बसणारे सल्लागार बरेच आहेत. कोकण न पाहता पुण्याहून तयार तक्ता पाठवणाऱ्या गुरूपेक्षा वजनकाट्यावरचा कारकून आणि गाडीचा ड्रायव्हर जास्त शिकवतो, हे माझं पक्कं मत. परतीची गाडी कधी रिकामी असते ते त्यालाच ठाऊक असतं.

आंब्याचे क्रेट परत आणायचे असतील तर एकात एक बसणारेच घ्या. साधे रिकामे क्रेट वाशीहून परत येताना भरलेल्यांइतकीच जागा खातात. शिवाय अनामत ठेवा, सोडा बाटलीला ठेवतात तशी, नाहीतर हंगाम संपेपर्यंत अर्धे क्रेट कोणाच्या तरी परसात कोंबड्यांवर पालथे.

पहिला करार करताना दर सुक्या किलोवर लिहा. प्रत्येक खेपेला दोघांसमोर नमुना, तीन पिशव्या, तिन्हींवर सही: एक तुमची, एक विक्रेत्याची, एक भांडण झालंच तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. जून ते सप्टेंबरचा दर आणि किमान माल वेगळ्या कलमात टाका, कारण त्या चार महिन्यांत खळ्यात काही वाळत नाही, छपराखालचा ढीगही ओल धरतो आणि आतून तापतो. विक्रेता म्हणेल, एवढं कशाला, आपली ओळख आहे. कलम तरीही लिहा.