गादी उंच करा, मगच बी टाका

मृगाचा पाऊस झाला की नव्याने परसबाग करणाऱ्याचे हात शिवशिवतात. अंगणाच्या कडेला चार कुदळी मारायच्या, सपाट वाफा करायचा आणि मिरची, वांगी, टोमॅटोचं बी मुठीनं फेकायचं. आठवड्या-दहा दिवसांत हिरवी दाटी उगवते. मग आर्द्रात झड लागते आणि चौथ्या दिवशी सकाळी अर्धा वाफा आडवा पडलेला असतो. दरवर्षी हेच बघतो.

पडलेलं एक रोप उपटून पाहा. पानं हिरवीच असतात, पण मातीला टेकलेलं खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखं बारीक झालेलं असतं. ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशा मातीत असतातच. साचलेलं पाणी आणि दाट पेरणी मिळाली की त्यांचं फावतं. बी वाईट नव्हतं, खतही कमी पडलं नव्हतं.

म्हणून आधी गादीवाफा, म्हणजे माती चढवून उंच केलेला वाफा. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच, ही शिफारस. काळ्या मातीत मी चांगला वीतभर उंच करतो, कारण दोन पावसांत गादी बसतेच. भोवती चर काढा, आणि चराला बाहेर जायला वाट द्या. वाट नसलेला चर म्हणजे नुसतं डबकं. माझा एक अंदाज: जिथे लव्हाळा माजलाय तिथे ओल फार धरते, रोपांसाठी ती जागा सोडा.

बी फेकू नका. गादीवर आडव्या ओळी, दोन ओळींत 10 सेंटिमीटर अंतर, बी एक सेंटिमीटर खोल. पेरण्याआधी बियाला ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी चोळा, किलोभर बियाला 5 ग्रॅम. घरच्या पुडीला चिमूटभर खूप झालं.

तरी रोपं पडू लागली तर पाणी बंद, पडलेली रोपं उचलून लांब टाका आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक 10 लिटर पाण्याला 30 ग्रॅम घेऊन ओळींत मुळाशी ओता. त्या दिवसांत ट्रायकोडर्मा देऊ नका, तीही बुरशीच आहे.

दुकानात मात्र तुम्हाला टॉनिक मिळेल, ह्युमिक मिळेल, ‘पांढरी मुळी सुटते’ म्हणून एखादी महागडी बाटलीही. मुळं पाण्यात गुदमरतायत, तिथे बाटली काय करणार? त्या पैशात पाटीभर कुजलेलं शेणखत आणा. ताजं नको, त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

बाकीची कामं:
– भेंडी, गवार, काकडी, दोडका: थेट टोकण, म्हणजे जागेवरच बी टोचून लावा
– भेंडी: परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे वाण, अंतर 30 × 15 सेंमी
– पेरल्यापासून टोमॅटोची रोपं 25–30 दिवसांनी, वांग्याची 5–6 आठवड्यांनी, मिरचीची 40–45 दिवसांनी लावा
– रोपांवर बारीक नायलॉन जाळी, पांढरी माशी येऊ नये म्हणून
– वेलांना मांडव आधीच
– लागवड संध्याकाळी

गादी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. पुढचा मोठा पाऊस चालू असतानाच डोक्यावर इरलं, नाहीतर खताचं रिकामं पोतं घेऊन बाहेर पडा आणि चर कुठे तुंबलाय ते बघा. पाऊस थांबल्यावर गेलात तर पाणी मुरलेलं असतं, जागा सापडत नाही. कुदळ सोबत असू द्या.