पंधरा मिनिटांत नाहीशी होणारी पट्टी

एनएफ-कॅपा-बीचा मार्ग, म्हणजे दाहाचा संदेश पेशीच्या जनुकांपर्यंत नेणारी साखळी, पाठ करू नका, एकदा हाताने करून बघा. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा हेच करायला लावते. हेला पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) पाच डिश घ्या, दाहाचा संदेश देणारं प्रथिन टीएनएफ-अल्फा १० नॅनोग्रॅम प्रति मिली घाला आणि ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांनी पेशी बर्फावर फोडा. पेशी फोडायच्या बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर (प्रथिनांवरचं फॉस्फेट निघू न देणारा पदार्थ) हवाच.

वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) आयकॅपाबी-अल्फा शोधा; एनएफ-कॅपा-बीला अडवून ठेवणारं कुलूप म्हणजे हेच प्रथिन. (तुलनेसाठी घेतलेल्या ॲक्टिन या प्रथिनाची पट्टी पाचही रांगांत सारखी आहे ना, ते आधी बघा.) १५ मिनिटांच्या सुमारास आयकॅपाबी-अल्फा जवळजवळ दिसेनासं होतं: आयकेके या एन्झाइमने त्याच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट लावलं, प्रथिनं मोडणाऱ्या प्रोटिअसोमने ते फस्त केलं. कुलूप गेलं की एनएफ-कॅपा-बीमधलं पी६५ हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि दाह वाढवणारी, पेशीला जगवणारी जनुकं चालू करतं: आयएल-६, बीसीएल-एक्सएल.

तासाभरात पट्टी परत दिसू लागते, कारण त्या जनुकांत आयकॅपाबीचं स्वतःचं जनुकही असतं. मला ही परतलेली पट्टी सगळ्यात मोलाची वाटते: कुलूप परत लागतं आणि संदेश थांबतो, हे ती दाखवते. पण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला की दाहाचा संदेश थांबतच नाही, आणि जगत राहण्याचा हुकूम बिघडलेल्या पेशींनाही मिळत राहतो.