शरदातले स्टीलहेड : सॅमनच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात पुलास्की या गावातून वाहत जाऊन ऑन्टॅरिओ सरोवराला मिळणाऱ्या सॅमन नदीवर सप्टेंबरच्या मध्यापासून गळ टाकणाऱ्यांची रीघ लागते. न्यू जर्सी किंवा टोरोंटोहून शनिवार-रविवारी गाडीने जाऊन येता येईल इतक्या अंतरावर ती असल्यामुळे तिकडच्या मराठी वाचकांना पुढील माहिती प्रत्यक्ष उपयोगी पडावी. आधी येतो तो चिनूक सॅमन, आणि त्याच्या मागोमाग ऑक्टोबरपासून स्टीलहेड नदीत शिरू लागतो. बहुतेक नवखे लोक सॅमनसाठी बांधलेला सरंजाम आणि सॅमनसाठी शिकलेली सवय तशीच ठेवून स्टीलहेडच्या मागे लागतात. माझ्या मते शरदातल्या रिकाम्या हातांमागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

या दोन माशांतला फरक मुळातला आहे. चिनूक नदीत शिरल्यावर खाणे जवळजवळ सोडून देतो, अंडी घालतो आणि मरतो. स्टीलहेड म्हणजे मोठ्या पाण्यात वाढून नदीत परतणारा रेनबो ट्राउट. तो मूळचा प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरचा असून इथली पैदास वॉशिंग्टन राज्यातून आणलेल्या वाणापासून झालेली आहे, आणि ऑल्टमार येथील सरकारी मत्स्यबीज केंद्र १९८० पासून ती सांभाळत आहे. त्याची अंडी घालण्याची वेळ वसंतात असते. शरदात तो नदीत येतो तेव्हा सॅमनची गाबोळी आयती वाहत असते, आणि तो ती खातो. जागा, आमिष, दोर यांचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून घ्यायला हवेत.

चुकीच्या जागी उभे राहणे

ऑक्टोबरमध्ये लोक खोल डोहांच्या काठी खांद्याला खांदा लावून उभे असतात, कारण सॅमनचे थवे तिथे डोळ्यांना दिसतात. स्टीलहेड मात्र बहुधा सॅमन अंडी घालत असलेल्या खडीच्या पट्ट्याच्या थोडे खाली, गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या खळाळत्या पाण्यात, एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला थांबलेला असतो. वरून सुटलेले प्रत्येक अंडे त्याच्या समोरून जाते आणि त्याला जागा सोडावी लागत नाही. ऊन चढले किंवा माणसांची वर्दळ वाढली की तो तिथून उठून जवळच्याच खोल पण फेसाळ धारेत सरकतो. खडीवर अंडी घालणाऱ्या सॅमनच्या अंगावर गळ टाकू नये आणि त्या खडीवरून चालूही नये, कारण पुढची पिढी तिथेच पुरलेली असते.

नोव्हेंबर सरत आला, सॅमन मरून गेले आणि पाणी ४ अंश सेल्सियसच्या (सुमारे ४० अंश फॅरनहाइट) खाली उतरू लागले, की हे चित्र पालटते. थंडीने माशाची हालचाल मंदावते आणि तो संथ, खोल पाण्यात जाऊन बसतो. ऑक्टोबरात जिथे मासे लागले त्याच खळाळावर नोव्हेंबरच्या शेवटी दिवसभर उभे राहण्याची चूक अनुभवी माणसेही करतात. खिशात साधा थर्मामीटर ठेवावा आणि जागा निवडण्याआधी तो पाण्यात बुडवून पाहावा.

जाड दोर, मोठे आमिष

चिनूकला आवरण्यासाठी लोक वीस पौंडी (म्हणजे वीस पौंडांचा ताण सोसणारा) किंवा त्याहून जाड दोर लावतात. स्वच्छ, उतरत्या पाण्यात तो दोर स्टीलहेडला दिसतो. त्याहून वाईट म्हणजे प्रवाह त्याला धरून ओढतो आणि आमिष नैसर्गिकपणे वाहत नाही. शेवटचा तीन-चार फुटांचा तुकडा सहा ते आठ पौंडी फ्लुरोकार्बनचा असावा. पाणी गढूळ असेल तर दहापर्यंत जायला हरकत नाही.

आमिषाबाबत रंगाकडे लक्ष द्यावे. नुकतेच सुटलेले सॅमनचे अंडे नारिंगी आणि किंचित पारदर्शक असते. काही दिवस पाण्यात राहिले की ते फिकट, दुधी होत जाते. त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालणारा भडक नारिंगी मणी (अंड्यासारखे दिसणारे नकली आमिष) नोव्हेंबरमध्ये पाण्यातल्या इतर अंड्यांत उठून दिसतो, आणि मासा तो टाळतो. त्या वेळी फिकट पीच किंवा मलईच्या रंगाचा आठ ते दहा मिलिमीटरचा मणी घ्यावा. खरी गाबोळी जाळीच्या कापडात बांधून वापरत असाल तर पुरचुंडी बोटाच्या नखाएवढीच ठेवावी. सॅमनसाठी बांधलेली लिंबाएवढी पोटली इथे उपयोगाची नाही.

आमिष वाहते कसे, हे न पाहणे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. शेजारच्या माणसाला मासा लागतो आणि आपल्याला लागत नाही, तेव्हा आपण त्याच्या मण्याचा रंग विचारतो. प्रत्यक्षात फरक बहुतेक वेळा आमिषाच्या वेगात असतो. नदीचे पाणी पृष्ठभागावर वेगाने आणि तळाशी दगडांच्या घर्षणामुळे बरेच हळू वाहते. खरे अंडे तळाच्या वेगाने जाते. आपला फ्लोट, म्हणजे दोराला लावलेला तरंगता बोया, मात्र पृष्ठभागावर असतो, आणि त्याला मोकळे सोडले तर तो खालच्या आमिषाला फरफटत नेतो.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. फ्लोटच्या शेजारी वाहणारा एखादा बुडबुडा हेरावा. फ्लोट आणि बुडबुडा बरोबर चालले असतील तर आमिष तळापेक्षा वेगाने जात आहे. बुडबुडा हळूहळू पुढे निघून गेला पाहिजे. त्यासाठी दोर पाण्यावर लोळू न देता काठी उंच धरावी, दोराला प्रवाहाने कमान दिली तर ती लगेच प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकावी, आणि फ्लोटला अगदी हलके मागे धरावे. असे धरले की फ्लोटचे टोक किंचित वरच्या अंगाला कलते आणि आमिष त्याच्या पुढे चालते, म्हणजे माशाला आधी आमिष दिसते आणि दोर नंतर.

खोलीचेही तसेच आहे. चार-पाच फेऱ्यांत एकदा तरी फ्लोट क्षणभर अडखळला नाही, तर आमिष तळापासून फार वर आहे. अर्धा फूट खाली सोडावे. प्रत्येक फेरीत अडखळत असेल तर तितकेच वर घ्यावे. शिशाचे दाणे एकाच ठिकाणी न चिमटता वरून खाली लहान होत जातील असे विभागून लावावेत, म्हणजे सर्वांत खालचा सर्वांत हलका राहतो. फ्लोट बुडतो पण झटका दिल्यावर काही लागत नाही, अशी तक्रार असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात : फ्लोट आणि काठीच्या टोकामध्ये सैल दोर साचला आहे का, आणि गळाचे टोक नखावर अडकते का. नखावर घसरणारा गळ तळाच्या दगडांवर बोथट झालेला असतो, तो बदलावा.

धरणाच्या पाण्याकडे दुर्लक्ष

सॅमन नदीचे पाणी लाइटहाउस हिल धरणातून सोडले जाते. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात किमान विसर्ग सेकंदाला ३३५ घनफूट, म्हणजे सुमारे साडेनऊ हजार लिटर, ठेवला जातो. पाऊस झाला किंवा वीजनिर्मितीची गरज वाढली की हा आकडा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. पाइनव्हिलच्या मापन केंद्रावरचा विसर्ग इंटरनेटवर दिसतो, आणि घरून निघण्यापूर्वी तो पाहणे मी अनिवार्य मानतो. विसर्ग वाढला की मासे मधल्या धारेतून काठाजवळच्या संथ पट्ट्यात येतात. त्या वेळी नेहमीच्या सवयीने पाण्यात वीस पावले आत शिरणारा माणूस स्वतःच मासे पळवून लावतो. हजार घनफुटांच्या वर नवख्याने पाण्यात उतरूच नये. तळाचे दगड शेवाळाने अत्यंत निसरडे असतात, त्यामुळे वेडरच्या (पाण्यात उभे राहताना घालायच्या जलरोधक पोशाखाच्या) बुटांना लोखंडी खिळे हवेत आणि कमरेचा पट्टा घट्ट आवळलेला हवा, कारण पडल्यावर वेडरमध्ये पाणी शिरण्याचा वेग त्याच पट्ट्याने कमी होतो.

मासा लागल्यानंतर

लागलेला स्टीलहेड पहिल्या काही सेकंदांत जोरात धावतो आणि हवेत उसळतो. चिनूकच्या सवयीने रीलचा ब्रेक कडक ठेवला असेल तर आठ पौंडी दोर तिथेच तुटतो. ब्रेक सैल असावा, धावणाऱ्या माशाला दोर द्यावा, आणि तो थांबला की काठी आडवी धरून बाजूने ओढ द्यावी. उसळला की काठीचे टोक खाली न्यावे. किनाऱ्यावरून शेजाऱ्यांना ओरडून सांगणे आणि माशामागे खाली चालत जाणे हा इथला रिवाज आहे. जागा न सोडता मासा थोपवून धरणाऱ्याचे मासे निसटतात आणि इतरांच्या दोरांत गुंते होतात.

गळ तोंडात न लागता अंगात किंवा पराजवळ रुतला असेल, तर तो मासा ताबडतोब सोडणे कायद्याने बंधनकारक आहे. एकेकाळी या नदीवर मोठे गळ फिरवून सॅमन हुकात ओढण्याची पद्धत चालत असे. १९९० च्या दशकात राज्याने ती बंद केली. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, रात्री मासेमारीला बंदी आहे, आणि ऑल्टमारच्या पुलाच्या वरच्या अंगाला फक्त फ्लायने (पिसे-धागे बांधून केलेल्या कृत्रिम आमिषाने) मासे धरून परत सोडण्याचे राखीव पट्टे आहेत. किती आणि किती लांबीचा मासा ठेवता येतो ते नियम बदलत असल्यामुळे त्या वर्षीची नियमावली वाचूनच निघावे.

सोडायचा मासा रबरी जाळ्यात पाण्यातच ठेवून गळ काढावा. छायाचित्रासाठी त्याला बर्फावर किंवा खडीवर ठेवू नये. गोठत्या हवेत कल्ल्यांच्या नाजूक कडा क्षणात इजा पावतात. ओल्या हातांनी शेपटीच्या बुंध्याशी धरून, तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतःहून निसटेपर्यंत आधार द्यावा. घरी नेण्याचा विचार असेल तर ऑन्टॅरिओ सरोवरातल्या माशांत पीसीबीसारखी रसायने साठलेली असतात हे ध्यानात ठेवून राज्याच्या आरोग्य विभागाचा सल्ला आधी वाचावा. मुले आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रिया यांच्यासाठी तो अधिक कडक आहे.

एखादा स्टीलहेड लागल्यावर न धावता, कलंडत, निर्जीवपणे जवळ आला, तर आपला ब्रेक किंवा काठी तपासत बसू नये. २०१४ च्या शरदाच्या अखेरीस या नदीत असे अनेक मासे दिसले आणि मेले. एलवाइफ नावाच्या लहान माशांवर वाढल्यामुळे त्यांच्यात थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, कमतरता झाली होती. अशा माशाला क्षणही न थकवता सोडावे, आणि एकाहून अधिक आढळले तर जागा नोंदवून राज्याच्या मत्स्य विभागाला कळवावे.