जुन्या गाडीचा फ्लोअर सडलाय? पॅच मारण्याआधी या चुका टाळा

श्रावण लागला की दरवर्षी मला फोन सुरू होतात. "दादा, पायाखालचा पत्रा गेलाय. गणपतीला गावी जायचंय, शनिवार-रविवारात होईल ना?" नाही होणार. ठाण्यात पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही, तिथे प्रायमर काय डोंबल वाळणार! हे काम दिवाळीनंतर काढायचं आणि शिमग्याच्या आत संपवायचं. मी काही धंदेवाईक मेकॅनिक नाही. नोकरी सांभाळून १९९४ ची मारुती ८०० चालती ठेवलीय, आणि तिच्या नादानं पाचपाखाडीपासून ऐरोलीपर्यंत मित्रांच्या गाड्यांखाली लोळलोय. बघावं तिकडे चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी कुठून येतंय ते न शोधता पत्रा लावणं. ही मी स्वतः दोनदा केलीय.

माझ्या गाडीचा डावीकडचा फ्लोअर आधी गेला. मी धरून चाललो की रस्त्यावरचं पाणी खालून उडतं, त्यानं गंजला. गॅरेजवाल्यानं पॅच मारला, वर डांबर फासलं, मी खूश. पुढच्या जूनमध्ये कार्पेट पुन्हा ओलं. परत पॅच. तिसऱ्या वर्षी वैतागून सीट, कार्पेट सगळं बाहेर काढलं, फ्लोअरवर वर्तमानपत्रं पसरली आणि टॉर्च घेऊन आत बसलो. मुलाला सांगितलं, तांब्यानं काचेवर पाणी ओत, पण हळूहळू. चौथ्या-पाचव्या तांब्याला ब्लोअरच्या पेटीतून धार लागली आणि नेमकी पॅचवर पडली.

गाडी वर्षानुवर्षं गुलमोहराखाली उभी असायची. त्याची ती बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून आत जाऊन कुजली होती, पाणी बाहेर जायची भोकं बंद. पाणी आत साचायचं, वर चढायचं आणि ब्लोअरच्या तोंडातून गाडीत उतरायचं. बोटांनी उकरलं तर दोन मुठी खत निघालं, त्यात पिंपळाचं एक रोपसुद्धा. भोकं मोकळी केली, पॅच तिसऱ्यांदा मारला. तो अजून आहे.

तेव्हापासून माझा नियम म्हणजे आधी तांब्या, मग ग्राइंडर. काचेचं रबर, दाराचं रबर, फ्लोअरमधले रबरी बूच, एकेक जागा वेगळी भिजवायची आणि कागद कुठे ओला होतो ते बघायचं. पाइप लावून एकदम सगळी गाडी झोडपलीत तर काहीच कळणार नाही. भर मे महिन्यात कार्पेट ओलं लागत असेल तर पावसाला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली असते.

दुसरी माझी चीड म्हणजे पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते न बघता वेल्डिंग सुरू करणं. कोपरखैरण्याला मित्राच्या ओम्नी व्हॅनचं काम होतं. वेल्डर खालून टाके मारत होता. मित्रानं कार्पेट काढलं नव्हतं, नुसतं गुंडाळून बाजूला सारलं होतं, कारण "सीट खोलायला अर्धा दिवस जातो". तिसऱ्या टाक्याला आतून धूर. कार्पेटखालच्या नमद्यानं आणि फ्लोअरला चिकटवलेल्या डांबरी शीटनं पेट घेतला होता. मी सवयीनं ओलं गोणपाट आणि बादली जवळ ठेवतो, म्हणून निभावलं. अर्धा दिवस वाचवायला गेला आणि दोन सीटबेल्ट जाळून बसला. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचा आणि ब्रेकचा पाइप फ्लोअरच्या खालून जातो, तोही आधी बघा, सोडवून बाजूला घ्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. आणि गाडी विटांवर ठेवून खाली झोपू नका. वीट फुटायच्या आधी सांगत नाही.

बाकीच्या चुका झटपट सांगतो.

गंजावरच पॅच. स्क्रू ड्रायव्हरनं टोचत टोचत बाहेर जायचं, खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. भोक रुपयाएवढं दिसतं, कापल्यावर ताटाएवढं होतं. घाबरू नका, ते आधीपासून तेवढंच होतं.

गॅल्व्हनाइज्डचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, "गंजत नाही" म्हणून. टाका मारला की तिथलं जस्त जळून जातं, म्हणजे जिथे गरज तिथेच पत्रा उघडा. वर तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप. मी साधा सीआरसी, म्हणजे जस्त न चढवलेला कोल्ड रोल्ड पत्रा वापरतो, एक मिलिमीटरच्या आसपास, कोपरे गोल कापून.

एकाच दमात सलग वेल्डिंग. पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, मग चहा. पत्र्याला हात लावता आला की पुढचा टाका. घाई झालेल्यांना हा चहाच जड जातो.

वेल्डिंगऐवजी एम-सील, फायबर, पॉप रिव्हेट. दोन पत्र्यांमध्ये पाणी धरून ठेवायची उत्तम सोय! त्यावर लांबी (पुट्टी) फासून गाडी विकणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही.

रनिंग बोर्ड, म्हणजे दारांखालची लांब पोकळ पेटी, मात्र घाईत कापू नका. मारुतीसारख्या गाडीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, फ्लोअर आणि रनिंग बोर्ड हीच तिची हाडं. दाराच्या चौकटीत आधी आडवी पट्टी टाकून घ्या, नाहीतर नंतर दार लागणार नाही. कळव्याच्या एका मित्राची प्रीमियर पद्मिनी गाडी २६ जुलै २००५ च्या पुरात बुडाली होती. धुतली, सीट उन्हात वाळवल्या, झालं. दोन वर्षांनी रनिंग बोर्ड कापला तर आत गाळाचं ढेकूळ, आणि पत्रा हातानं तुटत होता.

शेवटी प्रायमर, जोडांवर दोन्ही बाजूंनी सीलर, आणि तो पूर्ण वाळल्यावरच खालून कोटिंग. कोटिंग मारताना फ्लोअरची आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. मी तिथे आगपेटीच्या काड्या खोचून ठेवतो.

कार्पेट लगेच घालायचं नाही. पहिले दोन जोरदार पाऊस मी गाडी उघड्या फ्लोअरवर, वर्तमानपत्रं अंथरून चालवतो. बायको म्हणते, रद्दीवाल्याची गाडी वाटते. वाटू दे. कागद कोरडा निघाला की मगच कार्पेट.