लाकडावरच्या खुणा आणि सीएनसी राउटरचा बिघाड

घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने लाकूड कोरणारं मशीन, घेतलेल्या नवख्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: काम बिघडलं, आता सेटिंगमध्ये काय बदलू? मी त्यांना सांगते की सेटिंगला अजून हात लावू नका आणि बिघडलेला तुकडा फेकू नका. तो उजेडात तिरका धरून बघा, कडेवरून बोट फिरवा. मशीन कुठे चुकलं ते बहुतेक वेळा त्या तुकड्यावरच दिसतं.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. संगणकातून जी-कोड (हालचालींच्या हुकुमांची यादी) कंट्रोलरकडे, म्हणजे मशीनच्या मेंदूकडे जातो, कंट्रोलर ड्रायव्हर नावाच्या सर्किटला स्पंदनं पाठवतो, ड्रायव्हर स्टेपर (एकेक पाऊल, म्हणजे स्टेप, टाकत फिरणारी) मोटर फिरवतो आणि मोटर कपलरमधून (दोन दांडे जोडणाऱ्या तुकड्यातून) अक्ष सरकवणारा स्क्रू फिरवते. घरगुती मशीनमध्ये ही वाट साधारणपणे एकेरी असते. मोटर खरंच तेवढी फिरली का, हे कंट्रोलरला कळायचा मार्गच नसतो. स्क्रीनवर एक्स, म्हणजे आडवा अक्ष, ५० मिमी दिसत असतो आणि बिट (कापणारं हत्यार) प्रत्यक्षात ४८ वर उभा असतो. म्हणून स्क्रीनवरचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. पुरावा लाकडावर असतो.

मी नवीन मशीनवर किंवा कुठलीही दुरुस्ती झाल्यावर एकच चाचणी घेते. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) तुकड्यावर ५० मिमी व्यासाचं वर्तुळ आणि त्याभोवती ७० मिमीचा चौकोन, दोन्ही एक मिलिमीटर खोल. एमडीएफ अशासाठी की त्यात लाकडाच्या रेषा नसतात, त्यामुळे जी चूक दिसेल ती मशीनचीच.

आता वर्तुळ बघा. घड्याळात १२, ३, ६ आणि ९ वाजतात त्या चार जागी बारीकसा सपाटपणा किंवा पायरी लागत असेल तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधला सैलपणा. त्याच जागी अक्ष दिशा बदलतो आणि तो सैलपणा संपेपर्यंत बिट जागचा हलत नाही. वर्तुळाची सुरुवात आणि शेवट जुळतच नसतील तर कुठेतरी स्टेप हुकल्या आहेत. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. ७० मिमीच्या चौकोनाचा कर्ण साधारण ९९ मिमी भरायला हवा. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला तर गॅन्ट्री (बिट वाहून नेणारा आडवा पूल) काटकोनात नाही. ती सैल करून गुण्याने जुळवा आणि मग आवळा.

स्टेप हुकलेल्या दिसल्या की मी सगळ्यात आधी कपलरचे ग्रब स्क्रू बघते. ॲलन कीने आवळायचे असतात ते, आणि ते सैल झाले की मोटर फिरते पण स्क्रू मध्येच घसरतो. मोटरच्या दांड्यावर आणि कपलरवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर दोषी सापडला. रेघ शाबूत असेल तर पुढची शंका घ्या: ॲक्सिलरेशन (वेग वाढण्याचा दर) जास्त आहे का, ड्रायव्हर तापतोय का, स्क्रूवर भुसा साचून तो जड फिरतोय का. वीज बंद करून अक्ष हाताने हलवून बघा. पूर्ण लांबीत तो सारखाच जड किंवा सारखाच हलका लागायला हवा. मध्येच अडकत असेल तर तिथे दोष यांत्रिक आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

इथे एका गोष्टीवर माझं ठाम मत आहे. माप चुकलं की बरेच जण स्टेप्स पर मिलिमीटरचा (एक मिलिमीटर सरकायला लागणाऱ्या स्टेपचा) आकडा बदलत बसतात. जीआरबीएल (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मशीनमध्ये तो $१००, $१०१ आणि $१०२ इथे असतो. पण स्क्रूच्या मशीनवर हा आकडा गणितानेच ठरतो. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग) आणि एका फेऱ्यात ८ मिमी पुढे नेणारा स्क्रू असेल तर २०० गुणिले १६ भागिले ८, म्हणजे ४००. तो ४०० च राहायला हवा. माप १०० ऐवजी ९८ येतंय म्हणून ४०८ टाकलंत तर सैल कपलर झाकला जातो आणि पुढचं काम वेगळ्याच जागी चुकतं. मशीन पट्ट्यावर चालणारं असेल तर पट्ट्याचा ताण बघून झाल्यावर आकड्यात थोडा फरक करणं रास्त आहे, तेही लांब अंतर मोजून.

झेड (वर-खाली) अक्षाची चूक ओळखायला सोपी असते. काम पुढे जाईल तसं कोरीव खोल खोल होत गेलं तर बिट कॉलेटमधून (बिट धरणाऱ्या पकडीतून) खाली सरकतोय का ते बघा. वर भुसा फेकणारे अपकट बिट स्वतःला लाकडात ओढून घेतात, त्यामुळे कॉलेटची पकड ढिली असली की ते हमखास खाली येतात. बिटच्या दांड्यावर कॉलेटच्या कडेला मार्करची खूण करा, म्हणजे लगेच कळेल. कॉलेटच्या फटींत साचलेली बारीक धूळ हे याचं नेहमीचं कारण. ईआर११ कॉलेट आधी नटमध्ये टक् असा आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या दांड्यावर) चढवायचा. कॉलेट नुसता स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर तो तिरका बसतो आणि बिट डगमगत फिरतो. कॉलेटने पूर्ण लांबीत पकडलं पाहिजे, त्यामुळे बिट अगदी टोकाशी धरू नका.

पृष्ठभाग सपाट करताना दोन पट्ट्यांच्या मध्ये नखाला लागेल अशी पायरी येत असेल तर स्पिंडल टेबलाशी काटकोनात नाही. पायरी एक्सच्या दिशेने येते की वायच्या, त्यावरून कुठल्या बाजूला पातळ पत्रा घालायचा ते ठरतं.

सगळ्यात जास्त वैताग देणारा बिघाड म्हणजे काम मध्येच थांबणं. तीच फाइल स्पिंडल बंद ठेवून, बिट लाकडाच्या वर हवेत चालवून बघा. आता ती पूर्ण झाली तर फाइल निर्दोष आहे, आणि संशय स्पिंडलच्या मोटरच्या विद्युत गोंगाटावर जातो. यूएसबीची केबल आखूड आणि शिल्ड असलेली घ्या, ती स्पिंडलच्या तारांपासून दूर न्या, मशीनची चौकट अर्थ करा. भुसा खेचणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपवर स्थिर विद्युत साठते, तिचा झटकाही कंट्रोलर गोंधळवायला पुरतो. हवेतही फाइल थांबली तर संगणक झोपेत जातोय का ते आधी तपासा. यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करून ठेवा.

जीआरबीएलच्या इशाऱ्यांना घाबरू नका. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारं बटण) लागला, अलार्म २ म्हणजे दिलेला हुकूम मशीनच्या हद्दीबाहेर जातो, एरर ९ म्हणजे मशीन अलार्ममध्ये कुलूपबंद आहे. $एक्सने कुलूप उघडतं, पण अलार्म १ नंतर जागेचा भरवसा राहत नाही. होमिंग करा, म्हणजे मशीनला आपली शून्य जागा पुन्हा शोधू द्या, मगच पुढे.

लाकूड काळं पडत असेल तर बिट एकाच जागी घासतोय. फीडचा, म्हणजे बिट पुढे सरकायच्या वेगाचा, हिशेब साधा आहे: मिनिटाचे फेरे गुणिले धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायचा काप. १०,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिमी काप धरला तर मिनिटाला १,००० मिमी. छोट्या मशीनला हे जड जात असेल तर खोली कमी करा किंवा फेरे आणि फीड त्याच प्रमाणात कमी करा. फेरे तेवढेच ठेवून नुसतं फीड मात्र फार खाली आणू नका, नाहीतर धार कापायच्या ऐवजी घासते, तापते आणि बोथट होते. वरच्या कडेला तंतू उभे राहत असतील तर डाउनकट (भुसा खाली ढकलणारा) बिट वापरून बघा.

आता निगा. काम झाल्यावर रोज ब्रश आणि व्हॅक्युमने भुसा काढायचा. हवेचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नका, धूळ आत जाते. स्क्रूवर ओलं तेल लावलं की भुसा त्यात कालवून घट्ट लगदा होतो, म्हणून कोरडं पीटीएफई वंगण बरं. चाकांची मशीन असेल तर चाक बोटाने जोर लावून फिरवता यावं, पण गॅन्ट्री डुलू नये. विक्षिप्त (एक्सेंट्रिक, भोक मध्याबाहेर असलेला) नट फिरवून हा ताण साधता येतो. स्पिंडल कार्बन ब्रशवाला असेल तर ठिणग्या वाढल्या किंवा फेरे पडले की आधी ब्रश तपासा.

चालू मशीनवर स्टेपरची तार कधीही काढू नका, त्याने ड्रायव्हर जळतो. बिट बदलताना प्लग काढलेला हवा. फिरत्या बिटजवळ हातमोजे घालायचे नाहीत. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, त्यामुळे मास्क आणि धूळ खेचण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. आणि चालू काम सोडून जाऊ नका. घासून तापलेला भुसा धुमसू लागला आणि व्हॅक्युमच्या पिंपात पोचला तर आग लागते.

मशीनशेजारी एक वही ठेवा. लाकूड, बिट, फेरे, फीड, खोली आणि निकाल त्यात लिहा, आणि बिघाड झाला तर कुठला भाग आवळला किंवा बदलला तेही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काम सुधारलं तरी कशामुळे ते वहीत लिहिता येणार नाही. एक जादा कॉलेट, कपलर, लिमिट स्विच आणि नेहमीच्या वापरातले दोन बिट कपाटात असू द्या. काम मध्येच अडतं ते बहुधा याच भागांमुळे.