वर्षाचं धान्य भरताना: काय, किती, आणि पैसे कुठे वाया जातात

मार्च उजाडला की नवा गहू बाजारात येतो आणि 'यंदा किती भरायचा' हा विषय घरात निघतो. वर्षाचं भरलं की स्वस्त पडतं असं सगळेच म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. हंगामात मिळालेली सवलत आणि कोठीच्या तळाशी झालेली नासाडी यांची वजाबाकी केल्यावर जे उरतं, तेवढीच बचत.

आधी आकडेमोड. चौघांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून सोळा पोळ्या होत असतील तर दिवसाला साधारण अर्धा किलो पीठ लागतं, म्हणजे महिन्याला १५ किलो. भाकरीचे, भाताचे आणि गावाला जाण्याचे दिवस वजा केले की वर्षाला १५० किलो गहू पुरतो. अंदाजावर विसंबू नका. दळण आणलं की डब्यावर तारीख आणि वजन लिहा. दोन दळणं संपेपर्यंत खरा आकडा हाती येतो, आणि बहुतेक घरांत तो तोंडी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी निघतो.

आता भाव. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारातले घाला. हंगामात गहू ३८ रुपये किलो. टेम्पो-हमालीचा किलोमागे १ रुपया, दोन टक्के कचऱ्याचे पाऊण रुपया. म्हणजे घरात पडला ४० रुपयांना. दिवाळीत तोच गहू दुकानात ४५ रुपये असेल तर किलोमागे ५ वाचले, १५० किलोमागे ७५०. पण त्यातला १५ किलो गहू पावसाळ्यात सोंडे नावाच्या किड्यांनी पोखरला तर ६०० रुपये तिथेच गेले. फरक तीन रुपयांच्या आत असेल तर वर्षाचं भरण्याच्या फंदात पडूच नका, दर महिन्याला आणा.

खरेदी करताना पोत्याच्या वरचा नमुना बघून भागत नाही. हात कोपरापर्यंत खाली घाला. बाहेर काढल्यावर हाताला पीठ लागलं असेल तर किडे आत आहेत. मूठभर दाणे पाण्याच्या पेल्यात टाका. चांगला दाणा बुडतो, पोखरलेला तरंगतो. मग दाताखाली एक दाणा धरा. 'कट्' असा आवाज येऊन तुटला तर वाळलेला, चपटला तर ओला. ओला गहू स्वस्त मिळाला तरी घेऊ नका; त्यातल्या पाण्याचंही वजन तुम्ही विकत घेताय. एक किलो घरी आणून पाखडा आणि निघालेले खडे, काडी, काळे दाणे तोला. २० ग्रॅम निघाले तर चालेल, ५० निघाले तर भाव पाडून मागा, नाहीतर दुसरीकडे जा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या धान्य-पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या धान्यावर नाही.

वाळवण्याचा खरा काळ एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. अवकाळीचा इशारा असेल तर थांबा. गच्ची झाडून कोरडी करा, सुती चादर अंथरा, गहू दोन बोटांच्या जाडीचा पसरा. सकाळी दहापासून चारपर्यंत, दर तासाला हात फिरवून खालचा वर करा. असे दोन-तीन दिवस. पोत्यातले मोठे किडे उन्हाने पळून जातात, पण दाण्याच्या आत घातलेली अंडी तिथेच राहतात. म्हणून पहिल्या दिवशी किडे दिसेनासे झाले तरी काम संपलं असं समजू नका.

सगळ्यात जास्त धान्य नासतं ते यानंतर. चार वाजता गहू गोळा केला आणि तापलेलाच कोठीत ओतून झाकण लावलं, की रात्री तो घाम सोडतो. सकाळी झाकण उघडलं तर आतून पाण्याचे थेंब लोंबत असतात. तेच पाणी वरच्या थरात मुरतं, महिनाभरात गठ्ठे आणि बुरशी. गहू घरात आणून, जमिनीवर पसरून, रात्रभर पूर्ण गार होऊ द्या. हाताला गार लागला की मगच भरा.

कोठी आदल्या दिवशी उन्हात तापवून, आतल्या शिवणी कोरड्या ब्रशने झाडून घ्या. गेल्या वर्षीचे चार दाणे शिवणीत राहिले की त्यातले सोंडे नव्या गव्हात शिरतात. कोठी लाकडी फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. भिंतीला टेकली की पावसाळ्यात त्या बाजूचा पत्रा गार होऊन ओल धरतो.

कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर सावलीत पार कोरडा करून, चुरगळला की चुरा होईल असा. ओलसर पाला घालणं म्हणजे बुरशी मुद्दाम आणणं. त्याच्या भरवशावर वाळवण टाळता मात्र येत नाही. आणि एक कडक गोष्ट: पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात घालू नका, पारा अन्नात जातो. गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या तर घरात आणूच नका. त्यातून निघणाऱ्या वायूवर उतारा नाही, बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव जातात.

कोठी भरल्यानंतर महिन्याने एकदा तळातला दाणा काढून बघा, कारण अंड्यापासून सोंडा व्हायला उबदार हवेत साधारण तेवढाच वेळ लागतो. सोंडे दिसले तर अख्खी कोठी चाळून पुन्हा उन्हात टाका आणि तोच गहू आधी दळायला घ्या. पाऊस लागल्यावर कोठी रोज उघडू नका. कोरडा दिवस बघून महिन्याचा गहू एकदम बाहेर काढा, लहान डब्यात ठेवा.

बाकी सगळंच वर्षाचं भरण्यासारखं नसतं. तांदूळ तर मुळीच उन्हात टाकू नका; तडे जातात, भात शिजताना कणी होते. तो सावलीत, पंख्याखाली वाळवायचा. नवा तांदूळ भाताला चिकट होतो, म्हणून कोलम घेताना जुना मागा. इंद्रायणीची गोष्ट वेगळी, तो चिकटच हवा. चौघांच्या घराला तीन महिन्यांचा तांदूळ बरा.

कडधान्यांत अख्खी चवळी, मूग, मटकी यांना भुंगा लवकर लागतो. तो दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवतो, म्हणून तेलाचा उपाय इथे खरा चालतो: एका किलोला चहाचा एक चमचा एरंडेल हाताने चोळून लावा, शिजवण्याआधी गरम पाण्याने धुवा. गव्हाला हेच तेल तितकं लागू पडत नाही, कारण सोंड्याची अंडी दाण्याच्या आत असतात. फोडलेल्या डाळीला भुंगा कमी, तेव्हा तूरडाळ जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे नवा माल आल्यावर, सहा महिन्यांची घेतली तरी चालते.

ज्वारी तीन-चार महिन्यांची. बाजरी दाण्याच्या रूपातच ठेवा. पीठ दहा दिवसांत कडवट होतं, त्यामुळे दोन किलोच दळा. रवा, बेसन, पोहे, मैदा यांचा साठा महिन्यापलीकडे नको. सवलतीत चार किलो रवा घेतलाच तर कोरडाच भाजून, गार करून भरा, किंवा आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग बरणीत. फ्रीझरमधून काढल्यावर पाकीट लगेच उघडू नका, बाहेर घाम सुटतो तो आत जातो.

तेलाच्या डब्यावर किलो आहे की लिटर ते वाचा. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटरचा डबा म्हणजे जेमतेम साडेतेरा किलो, त्याला १५ किलोच्या डब्याचा भाव दिलात तर सव्वा किलोहून जास्त तेलाचे पैसे उगाच गेले. पिशव्याही आता सगळ्या एक लिटरच्या नसतात. भाव नेहमी शंभर ग्रॅमवर आणून ताडा.

पुढच्या मार्चमध्ये नवा गहू येईल तेव्हा जुना दहा-पंधरा किलो शिल्लक असेल. तो नव्यात मिसळू नका. वेगळ्या डब्यात काढून आधी तोच दळा.